विश्लेषण : साल्हेर जागतिक वारशात, ब्रह्मगिरीवर रोपवेचा वाद... नाशिकच्या डोंगरांना आल्प्सचा कोणता धडा लागू पडतो?

नाशिक म्हटले की गोदाघाट, द्राक्षबागा आणि सिंहस्थ डोळ्यांसमोर येतो. पण राज्यातील सर्वांत उंच किल्ला, साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पीठ, गोदावरीचा उगम आणि रेल्वेचा अवघड घाट हे सारे याच जिल्ह्याच्या डोंगरांत आहे. ही ठिकाणे पाहायला येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्याबरोबर रस्ता हवा की पायवाट, रोपवे हवा की पायऱ्या, हा वादही वाढला आहे. युरोपातील आल्प्स पर्वताने हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच अंगावर घेतला होता. तिथे काय साधले, काय बिघडले आणि नाशिकने त्यातून काय घ्यावे?

साल्हेरची चर्चा का?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी ११ किल्ले महाराष्ट्रात असून जिंजी तमिळनाडूत आहे. या यादीत नाशिक जिल्ह्यातून बागलाण तालुक्यातील साल्हेरची निवड झाली. साल्हेरची उंची १५६७ मीटर. राज्यात याहून उंच शिखर एकच, कळसूबाई (१६४६ मीटर).

साल्हेरचे महत्त्व केवळ उंचीचे नाही. सुरतेकडून दख्खनेत येणाऱ्या व्यापारी मार्गावर बागलाणची नजर होती. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि सरनोबत प्रतापराव गुजर यांच्या नेतृत्वाखालील मराठा फौजांनी मुघल सैन्याचा पराभव केला. गनिमी काव्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या मराठ्यांनी खुल्या मैदानात मिळवलेला हा मोठा विजय मानला जातो. याच लढाईत सूर्याजी काकडे धारातीर्थी पडले.

साल्हेर राज्य पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत आहे. जागतिक यादीतील नावामुळे पर्यटक येतील, पण वारशाचे मूळ रूप जपण्याची जबाबदारीही येते. किल्ल्याच्या माथ्यावर आणि परिसरात वाटेल ते बांधकाम आता करता येणार नाही.

बागलाणात आणखी काय पाहता येते?

नाशिकहून सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर या मार्गाने साल्हेरकडे जाता येते. घाईचा पर्यटक गाडी थेट पायथ्याच्या साल्हेरवाडीत किंवा वाघांब्यात नेतो आणि गड उतरून त्याच दिवशी परततो. मात्र या वाटेवरचे मुल्हेर हे स्वतंत्र मुक्कामाचे गाव आहे. बागलाणच्या बागूल राजांची ही राजधानी. १६३८ मध्ये शाहजादा असलेल्या औरंगजेबाच्या मोहिमेने हे राज्य मुघलांकडे गेले. गावाच्या डोक्यावर मुल्हेर, मोरा आणि हरगड असे दुर्गत्रिकूट आहे. गावात उद्धव महाराजांची समाधी असून कोजागरीला होणाऱ्या रासक्रीडेची परंपरा आजही जपली जाते.

जवळच मांगी-तुंगी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. डोंगराच्या एकाच कातळातून कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती तेथे २०१६ मध्ये पूर्ण झाली. किल्ला, राजधानीचे गाव आणि तीर्थक्षेत्र अशी तीन वेगळ्या प्रकारची स्थळे एकाच टापूत आहेत. पर्यटक येथे दोन रात्री राहिला तर पैसा बागलाणात खर्च होतो. तो सकाळी येऊन संध्याकाळी परतला तर गावाच्या वाट्याला धूळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या येतात.

सप्तशृंगगडाचा फनिक्युलर म्हणजे काय?

कळवण तालुक्यातील सप्तशृंगगडावर देवीच्या मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. वृद्ध आणि आजारी भाविकांसाठी २०१८ मध्ये येथे फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. रोपवेची पाळणी हवेत तारेवर लटकतात. फनिक्युलरचा डबा मात्र तीव्र उतारावर टाकलेल्या रुळांवरून दोराच्या साहाय्याने ओढला जातो. हे तंत्र आल्प्सच्या गावांमध्ये एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. अनेक ठिकाणी एक डबा वर चढत असताना दुसरा खाली येतो आणि त्याच्या वजनाचा उपयोग चढणाऱ्या डब्याला होतो.

ट्रॉलीमुळे पायऱ्यांचा प्रश्न सुटला, पण घाटाचा नाही. नांदुरीहून गडावर जाणारा घाटरस्ता वळणावळणाचा आहे. जुलै २०२३ मध्ये येथे एसटी बस दरीत कोसळून एका महिला प्रवाशाचा मृत्यू झाला. म्हणूनच चैत्रोत्सव आणि नवरात्रात खासगी वाहने नांदुरीत थांबवून भाविकांना एसटीने गडावर नेले जाते. या व्यवस्थेकडे आपण बंदोबस्त म्हणून पाहतो. आल्प्समधील काही गावांनी तीच व्यवस्था वर्षभराची केली आहे.

अंजनेरी-ब्रह्मगिरी रोपवेला विरोध का?

केंद्राच्या ‘पर्वतमाला’ योजनेत अंजनेरी आणि ब्रह्मगिरी या दोन डोंगरांना जोडणारा रोपवे प्रस्तावित झाला. भाविकांना, विशेषतः चढण न झेपणाऱ्यांना सोय व्हावी, हा त्यामागचा विचार. मात्र पर्यावरणप्रेमींनी त्याला विरोध केला. त्याआधी अंजनेरीच्या माथ्यापर्यंत रस्ता नेण्याच्या प्रस्तावालाही असाच विरोध झाला होता.

विरोधाची कारणे ठोस आहेत. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही वनस्पती २००६ मध्ये जगासमोर आली ती याच डोंगरावरून. तिच्या नावातच अंजनेरी आहे. पायथ्याच्या अंजनेरी गावात प्राचीन जैन मंदिरांचे अवशेष आहेत, तर डोंगर हनुमानाचे जन्मस्थान म्हणून पूजला जातो. शेजारच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते आणि सुमारे १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. याच परिसरात उगम पावणारी वैतरणा उलट दिशेने अरबी समुद्राकडे जाते आणि मुंबईची तहान भागवते. त्यामुळे या डोंगरावर काय बांधायचे, हा त्र्यंबकेश्वरपुरता प्रश्न राहत नाही.

दुसरी बाजूही आहे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी उगमाचे दर्शन घ्यायचेच नाही का? खाणावळ, पूजासाहित्य आणि वाहनांवर पोट असलेल्यांना वाढते पर्यटन हवे आहे. येणारा सिंहस्थ पाहता सोयींची मागणी आणखी वाढेल. म्हणून रोपवे चांगला की वाईट, यापेक्षा तो कोणत्या डोंगरावर, कुठून कुठे आणि वर किती माणसे सोडण्यासाठी, असे प्रश्न विचारायला हवेत.

इगतपुरीत पाऊस भरपूर, तरी पाणी का नाही?

मुंबईहून येणाऱ्यांसाठी नाशिकच्या डोंगरांचे दार म्हणजे इगतपुरी. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे येथे पोहोचली. या घाटात ३७ फुटांमागे एक फूट इतका चढ आहे. आजही कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेने वसवलेले हे गाव आता विपश्यना केंद्र, पावसाळी सहली आणि रिसॉर्टसाठी ओळखले जाते.

इगतपुरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नास किलोमीटरवरील नाशिक शहरात त्याच्या एक चतुर्थांशही पडत नाही. तरीही उन्हाळ्यात इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील वाड्या-पाड्यांवरच्या बायकांना हंडे घेऊन डोंगर उतरावा लागतो. याचे एक कारण खडकात आहे. सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनला. त्यातला कठीण बेसाल्ट पाणी फारसे मुरू देत नाही. उतारावरची माती आणि झाडी गेली की पाऊस थेट नदीला आणि पुढे धरणात जातो. धरणे तालुक्यात, पाणी मात्र दूरच्या शहरांना, हे दुसरे कारण. अशा ठिकाणी उतार कापून उभे राहिलेले प्रत्येक बांधकाम गावाच्या झऱ्याशी जोडलेले असते.

आल्प्सने काय केले?

स्वित्झर्लंडमध्ये १८७१ मध्ये रिगी पर्वतावर युरोपातील पहिली दात्यांच्या रुळांची पर्वतीय रेल्वे धावली. १९१२ मध्ये रेल्वे युंगफ्राउयोख या ३४५४ मीटरवरील खिंडीपर्यंत पोहोचली. एकेकाळची गरीब गुराख्यांची गावे पर्यटनाने श्रीमंत झाली. उन्हाळ्यात हवापालट आणि हिवाळ्यात बर्फावरचे स्कीइंग असे दोन हंगाम त्यांनी उभे केले.

मात्र त्यांनी काही मर्यादाही घातल्या. मॅटरहॉर्न शिखराखालच्या झेरमाट गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींना प्रवेश नाही. पाहुण्यांनी गाडी पाच किलोमीटर अलीकडच्या टॅश गावात लावायची आणि पुढे रेल्वेने जायचे. गावात विजेवरची छोटी वाहने. अनेक स्विस गावांत मुक्कामी पाहुण्याकडून प्रत्येक रात्रीमागे पर्यटन कर घेतला जातो आणि तो स्थानिक सोयींवर खर्च होतो.

तिथे बिघडले कुठे?

ऑस्ट्रियातील हालस्टाट हे तळ्याकाठचे जुने मिठाच्या खाणींचे गाव १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. लोकवस्ती आठशेहून कमी. गर्दीच्या दिवशी पर्यटक मात्र दहा हजारांपर्यंत. बहुतेक जण बसमधून उतरून छायाचित्रे काढून निघून जाणारे. शेवटी २०२० मध्ये पर्यटक बससाठी आगाऊ वेळ आरक्षित करण्याचा नियम आला. तोही अपुरा पडल्याने २०२३ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले. जागतिक यादीत नाव आले म्हणजे गावाचे भले झाले, असे गृहीत धरणाऱ्यांनी हालस्टाट आठवावे.

दुसरा धक्का हवामानाचा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात उष्ण हवेमुळे कमी उंचीवरच्या अनेक स्की रिसॉर्टना बर्फाअभावी उतार बंद ठेवावे लागले. कृत्रिम बर्फ पाडायचा तर पाणी आणि वीज मोठ्या प्रमाणावर लागते. ज्यांनी फक्त बर्फावर भिस्त ठेवली, ते अडचणीत आले. नाशिकच्या डोंगरांत बर्फाची जागा पावसाने घेतली आहे. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी पहिने, भावली आणि हरिहरवर झुंबड उडते, उरलेले महिने सामसूम असते. हरिहरच्या जवळजवळ उभ्या, एका वेळी एकच माणूस चढेल अशा कातळपायऱ्यांवर इतकी गर्दी होऊ लागली की वन विभागाला संख्येवर मर्यादा घालावी लागली.

नाशिकमध्ये काय करता येईल?

आल्प्सचा अनुभव असा की वर पोहोचवणारे यंत्र विकत मिळते, पण वर किती माणसे मावतील याचा नियम गावाला स्वतः ठरवावा लागतो, आणि तो यंत्राच्या आधी ठरवावा लागतो. हालस्टाटने तो उशिरा केला. साल्हेरच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि माहिती केंद्र मुल्हेर किंवा ताहाराबादला ठेवून तेथून पायथ्यापर्यंत एसटीची फेरी सुरू करता येईल. नांदुरीत उत्सवकाळात चालणारी पद्धत गर्दीच्या प्रत्येक शनिवार-रविवारी लावता येईल. गडवाटेवरचे मार्गदर्शक आणि घरगुती मुक्काम पायथ्याच्या गावांकडे राहिले, तर गड जपण्यात त्या गावांचाही फायदा असेल.

पर्यटकांनी काय लक्षात ठेवावे?

बागलाणसाठी पावसाळा सरल्यानंतरचे, ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे दिवस उत्तम. मुल्हेर किंवा ताहाराबादला मुक्काम करावा, म्हणजे पहाटे साल्हेर चढता येतो. सप्तशृंगगडाला उत्सव टाळून मधल्या वारी जावे. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा तिसऱ्या श्रावणी सोमवारी प्रचंड गर्दीची असते, हे ध्यानात ठेवूनच बेत आखावा. हरिहरवर ओल्या कातळावर चढणे टाळावे आणि प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत. जेवण, पाणी, वाटाड्या यांसाठीचा पैसा शक्यतो पायथ्याच्या गावात खर्च करावा. डोंगर सांभाळणारे तेच आहेत, आणि आटलेल्या झऱ्याची किंमतही आधी तेच मोजतात.