एबीएसचा दिवा पेटलाय? आधी निदान विका, मग दुरुस्ती

निजामपुऱ्यात किंवा भिवंडीत कुठेही छोटं गॅरेज टाकायचं मनात आहे? मग ऑइल-फिल्टरच्या पलीकडचं एक काम बघा: जुन्या स्कॉर्पिओ, सफारी, एन्डेव्हरसारख्या गाड्यांचं एबीएस मॉड्यूल दुरुस्त करणं.

एबीएस म्हणजे काय, तर जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. चाकांजवळचे सेन्सर वेग सांगतात. चाक जाम व्हायला लागलं की मॉड्यूल त्या चाकावरचा ब्रेकचा दाब क्षणभर कमी करतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि खड्ड्यांचे हादरे सोसून बोर्डावर ड्राय सोल्डर होतं, आतल्या बारीक तारा तुटतात. मग डॅशबोर्डवर दिवा पेटतो.

पण दिवा पेटला म्हणजे मॉड्यूलच गेलं, असं नाही! बॅटरीचा व्होल्टेज, फ्यूज, अर्थिंग आधी तपासा. मग सेन्सरवरचा चिखल आणि तुटकी वायर बघा. स्कॅनर फक्त कोड दाखवतो. दोष नेमका कुठे, ते मल्टिमीटर घेऊन तुम्हालाच शोधायचंय. म्हणून तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आणि आधी सांगून घ्या. दोष वायरचा निघाला, तर बिलही वायरचंच करा. ते गिऱ्हाईक पुढची चार आणतं.

बोर्डाचं काम येत नसेल, तर सुरुवातीला जाणत्या इलेक्ट्रॉनिक्स कारागिराकडून करून घ्या. शक्यतो त्याच गाडीचं मॉड्यूल दुरुस्त करा. भंगारातलं दुसरं आणलं तर कोडिंग जुळेलच, याची खात्री नसते.

आता महत्त्वाचं. "राहू दे, नुसता दिवा बंद करून दे," असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. एबीएस बंद असलं तरी साधा ब्रेक लागतो, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. पण ओल्या रस्त्यावर चाकं जाम झाली, की गाडी घसरते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. पंपातून ब्रेक ऑइल गळत असेल, तर नुसत्या सोल्डरिंगवर गाडी सोडू नका.

काम झाल्यावर पुन्हा स्कॅन करा, मोकळ्या जागेत चाचणी घ्या, जॉब कार्डवर काय केलं ते आणि वॉरंटी लिहून द्या.

२०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. त्या गाड्याही आता जुन्या होतायत. म्हणजे काम वाढणार. तुम्ही शिकायला कधी सुरुवात करताय?