हाफ-ट्रॅक : एक छंद, एक अभ्यास

— द्वितीय वर्ष, कला

रणगाडा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या पाठोपाठ पायदळाला घेऊन धावणारी ‘हाफ-ट्रॅक’ ही चिलखती गाडी फारशी कुणाला ठाऊक नसते. पुढे मोटारीसारखी दोन चाके, मागे रणगाड्यासारखे पट्टे आणि वर उघडे आकाश, असे तिचे रूप. अमेरिकेने एम-३ आणि तिच्या जातीच्या गाड्या मिळून ४०,००० हून अधिक बांधल्या; जर्मनीने आपल्या २५१ क्रमांकाच्या गाड्या सुमारे १५,००० बांधल्या. या गाड्यांच्या १/३५ प्रमाणातील प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडण्याचा मला छंद आहे.

डब्यातले सुटे भाग चिकटवले की गाडी उभी राहते, पण ती खेळणेच वाटते. तिला खऱ्या गाडीचे रूप देण्यासाठी जे बारीक काम करावे लागते, त्याला ‘डिटेलिंग’ म्हणतात.

पहिली बाब जाडीची. एम-३ च्या बाजूचे चिलखत अवघे पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. होते. त्याला ३५ ने भागले तर ०.१८ मि.मी. येतात, जवळजवळ पोस्टकार्डाएवढी जाडी! साच्यातले प्लॅस्टिक मात्र एक मि.मी.च्या आसपास असते. खऱ्या गाडीच्या मापात ते साडेतीन सेंटिमीटर पोलाद झाले. माझे वडील ट्रकच्या बॉडीचे पत्राकाम करतात. त्यांची शाळा चौथीतच सुटली. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पत्रा कडेवरून ओळखावा, असे ते म्हणतात. तेच इथे लागू पडते. सगळी भिंत घासण्याची गरज नाही; वरची कड आतल्या बाजूने पॉलिशपेपरने उतरती केली की पत्रा पातळ दिसू लागतो.

दुसरी बाब पट्ट्यांची. अमेरिकन पट्टा पोलादी तारांवर रबर चढवून केलेला, त्यामुळे ताठ. जर्मन पट्टा धातूच्या कड्यांचा. तो वरच्या बाजूला सैल पडून चाकांवर टेकतो. दोन्ही सारखेच ताणले तर जाणकाराला लगेच खटकते. शिवाय एम-३ च्या पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळे, म्हणून तिच्या पुढच्या आसावर गिअरचा फुगवटा हवा. जर्मन गाडीला तो नसतो.

तिसरी बाब आतल्या भागाची. छप्पर नसल्याने बैठका, बंदुका, वळकट्या सारे उघड दिसते. पातळ केलेल्या डिंकात बुडवलेल्या टिश्यू कागदाची ताडपत्री छान होते. रंग उडालेला दाखवायचा तो पाय आणि हात लागतात तिथेच. गंज बेताने द्यावा. यांतील कित्येक गाड्या जेमतेम दोन-तीन वर्षे वापरलेल्या होत्या.

एम-३ ला अमेरिकन सैनिक ‘पर्पल हार्ट बॉक्स’ म्हणत. पर्पल हार्ट हे युद्धात जखमी झालेल्यांना व मेलेल्यांना मिळणारे पदक. वर फुटलेल्या तोफगोळ्याचे तुकडे या गाडीत सरळ आत येत. बाजूचा पत्राही फार काही अडवीत नसे. म्हणून जाड भिंतीची प्रतिकृती नुसती बेढब नव्हे, तर खोटी ठरते. त्या सैनिकांना कधीच न मिळालेला आडोसा ती त्यांना देते. इतिहासाच्या पुस्तकात ‘सैन्य पुढे सरकले’ असे एक वाक्य असते. ते किती पातळ पत्र्याच्या आड बसून सरकले, हे हाताने घासताना समजते.

ज्यांना हा छंद करून पाहायचा असेल, त्यांनी महागड्या डब्याची वाट पाहू नये. पोस्टकार्डे, डिंक, मोजपट्टी आणि धारदार पाते एवढ्यावर सुरुवात होते. जाडी तर आपोआपच बरोबर येते!