खरं बोलणारा अल्बम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा पिंड रॉक संगीताचा नाही. आमच्या घरात भीमसेन आणि कुमार गंधर्व ऐकले जायचे. नाट्यसंगीत असायचं, रविवारी सकाळी भावगीतं असायची. इंग्रजी गाणी लागली की आमचे अण्णा रेडिओचं बटण फिरवायचे. तरीही आज मी एका अमेरिकन रॉक अल्बमबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'. तो 1992 च्या ऑक्टोबरात निघाला आणि तो केला आर.ई.एम. या चार जणांच्या बँडनं.

माझ्याकडे तो आला कॅसेटच्या रूपात, आणि तोही चुकून. 1993 च्या पावसाळ्यात अण्णा गेले. शेवटचे पाच महिने ते अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं मी आणि आई करत होतो. धाकटा भाऊ पुण्याला होस्टेलवर होता. परीक्षा होत्या, येणं जमत नव्हतं, असं तो म्हणायचा. तेराव्याच्या दिवशी मी त्याला चार माणसांत विचारलं, "तू होतास कुठे?" त्यानं उत्तर दिलं नाही, संध्याकाळच्या एसटीनं निघून गेला. कोनाड्यात त्याचा वॉकमन राहिला आणि त्यात ही कॅसेट.

ती कॅसेट मी का ऐकली हे सांगण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. हे संगीत ज्याला 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात त्यातलं. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी. कशाला पर्यायी? 1980 च्या दशकात अमेरिकेत मोठ्या कंपन्यांचं झगमगाटी संगीत सगळीकडे वाजत होतं. त्या गर्दीत न बसणारे छोटे बँड छोट्या कंपन्यांकडून रेकॉर्ड काढायचे, आणि ती गाणी वाजायची विद्यापीठांच्या आवारातल्या, विद्यार्थ्यांनी चालवलेल्या रेडिओ केंद्रांवर. म्हणजे या संगीताला वाढवलं ते रेडिओनंच, हे इथं बसून सांगताना मला बरं वाटतं.

आर.ई.एम. त्याच वाटेनं आले. जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथं मायकेल स्टाइप हा कलाशाखेचा विद्यार्थी होता आणि पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा. माइक मिल्स आणि बिल बेरी हे दोघे शाळेपासूनचे मित्र. 1980 च्या एप्रिलमध्ये, एका जुन्या चर्चच्या इमारतीत, त्यांनी पहिला कार्यक्रम केला. स्टाइप गायचा, बक गिटार वाजवायचा, मिल्सकडे बास आणि पियानो, बेरीकडे ड्रम. सुरुवातीच्या रेकॉर्डमध्ये स्टाइप इतका पुटपुटल्यासारखा गायचा की शब्द कळत नसत. 1983 च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं नावच 'मर्मर', म्हणजे कुजबुज. पुढे 1991 मध्ये 'आउट ऑफ टाइम' आला. त्यातल्या मेंडोलिनवर उभ्या असलेल्या 'लूझिंग माय रिलिजन' या गाण्यानं ते जगभर पोचले.

एवढं यश मिळाल्यावर कोणीही दौऱ्यावर निघेल. हे चौघे निघाले नाहीत. पुढचा अल्बम दणदणीत, वेगवान करायचा असं त्यांच्या मनात होतं. पण चाली सुचू लागल्या त्या संथ, उदास. त्यांनी त्या अडवल्या नाहीत. सगळे तिशीतले होते. त्या वर्षांत अमेरिकेत एड्सनं तरुण माणसं जात होती. स्टाइप स्वतःच आजारी आहे अशा अफवाही उठल्या होत्या, त्या खोट्या होत्या. अल्बम झाला तो मरण, आठवण आणि सरून गेलेलं वय यांच्याबद्दलचा. नाव मात्र अथेन्समधल्या 'वीव्हर डीज' या खानावळीचं घोषवाक्य. गिऱ्हाइकानं काही मागितलं की मालकाचं उत्तर असायचं, "ऑटोमॅटिक!" म्हणजे, हे घ्या, लगेच.

आता गाण्यांकडे येतो. बारा तुकडे आहेत, त्यातला एक नुसता वाद्यांचा. एकूण वेळ पन्नास मिनिटांच्या आत. आणि या बारांत एकासारखं दुसरं नाही. पहिलं 'ड्राइव्ह' गिटारच्या मोजक्या सुरांनी दबक्या पावलांनी सुरू होतं. त्यात ठरावीक ध्रुवपद नाही. मध्येच व्हायोलिनांचा ताफा येतो. हा वाद्यवृंद बांधला जॉन पॉल जोन्स यांनी. लेड झेपलिन या गाजलेल्या बँडचे ते बासवादक. अल्बममधल्या चार गाण्यांची तंतुवाद्यं त्यांनी रचली आणि ती वाजवली अटलांटाच्या सिंफनी ऑर्केस्ट्रातल्या वादकांनी. पण कुठेही भपका नाही. लग्नातल्या बँडसारखी वाद्यं अंगावर येत नाहीत, आवाजाच्या मागे उभी राहतात.

तिसरं गाणं, 'द साइडवाइंडर स्लीप्स टुनाइट', थट्टेखोर आहे. गाताना एका नावाच्या उच्चारावर स्टाइप अडखळतो आणि त्याला हसू फुटतं. दुसरा कोणी असता तर पुन्हा मुद्रण केलं असतं. यांनी ते हसू तसंच ठेवलं. आठवं 'इग्नोरलँड' हे रेगन-बुश काळाच्या राजकारणावर चिडलेलं, कर्कश गिटारांचं गाणं. सातवं मॉन्टगोमेरी क्लिफ्ट या सिनेनटावर आहे. दहावं 'मॅन ऑन द मून' हे अँडी कॉफमन या विनोदी कलावंतावर. तो 1984 मध्ये पस्तिसाव्या वर्षी कर्करोगानं गेला, पण आयुष्यभर त्यानं प्रेक्षकांना इतकं चकवलं होतं की त्याचं मरणही एक सोंग असावं असं कित्येकांना वाटत राहिलं. या गाण्याची चाल तयार होती पण शब्द नव्हते. अल्बमचं काम सिएटलमध्ये संपत आलं तेव्हा स्टाइपनं ते लिहिले. मेलेल्या माणसाबद्दलचं गाणं इतकं आनंदी असू शकतं, हे मला नवीन होतं.

'एव्हरीबडी हर्ट्स' तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. त्याची मूळ कल्पना ड्रम वाजवणाऱ्या बिल बेरीची. गंमत अशी की, गाण्याच्या सुरुवातीला ड्रम वाजतो तो यंत्राचा, अगदी साध्या, स्वस्त यंत्राचा. सहा मात्रांचं वजन, आपल्या दादऱ्यासारखं. गिटारचे सुटे सूर एकामागून एक पडत राहतात, आणि खरा ड्रम येतो तो बऱ्याच उशिरा. एरवी कोड्यात बोलणारा स्टाइप इथे इतकं साधं बोलतो की इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही कळावं. निराश झालेल्या कोवळ्या वयाच्या मुलांपर्यंत ते पोचावं अशी इच्छा होती. दुःख सगळ्यांनाच होतं, तू एकटा नाहीस, टिकून राहा, एवढाच त्याचा आशय. त्याच्या चित्रफितीत वाहनांच्या मोठ्या खोळंब्यात अडकलेली माणसं दिसतात आणि प्रत्येकाच्या मनातलं खाली अक्षरांत उमटतं. ब्रिटनमध्ये निराश माणसांना आधार देणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेनं 1995 मध्ये आपल्या जाहिरातीत या गाण्याचे शब्द वापरले. हैतीतल्या भूकंपानंतर, 2010 मध्ये, अनेक कलावंतांनी मदतनिधीसाठी ते पुन्हा गायलं.

पण माझं गाणं ते नव्हे. माझं गाणं सहावं. कॅसेटची पहिली बाजू त्यावर संपते.

तेराव्यानंतरचे दिवस कसे असतात तुम्हाला ठाऊक आहे. माणसं येतात, चहा घेतात, म्हणतात, "सुटले बिचारे." म्हणतात, "सोनं झालं." त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या ठरीव वाक्यांनी मला गुदमरायला व्हायचं. एका रात्री झोप येईना म्हणून मी वॉकमन कानाला लावला. आवाज ऐकायचा होता, इतकंच. दुसऱ्या गाण्यातले शब्द हळूहळू कळू लागले तसा मी उठून बसलो. 'ट्राय नॉट टु ब्रीद' म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाचं बोलणं आहे. त्याला आता पुरे झालंय. मागे राहणाऱ्यांनी आपल्याला विसरू नये, एवढंच त्याला हवंय. अण्णा शेवटच्या महिन्यात दोनदा म्हणाले होते, "आता बास रे." दोन्ही वेळा मी त्यांना गप्प केलं होतं, "असं बोलू नये" म्हणून. त्यांना पुढे काय म्हणायचं होतं ते मी ऐकलंच नाही.

आणि मग ते सहावं, 'स्वीटनेस फॉलोज'. खाली चेलोचा खर्ज, तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला. त्यावर गिटारचा खरखरीत, ओरखडे काढणारा आवाज. विषय काय, तर आईवडिलांना मूठमाती द्यायला निघालेली मुलं. भाऊबहीण, एकमेकांपासून दुरावलेले, बारीकसारीक गोष्टींत गुंतून एकमेकांना न पाहिलेले. कॅसेटसोबत गाण्यांचे शब्द छापलेले नव्हते. 1998 च्या 'अप' या अल्बमपर्यंत हा बँड शब्द छापतच नसे. त्यामुळे मी ते गाणं मागे नेऊन नेऊन ऐकलं. सेलची ताकद उतरली आणि स्टाइपचा आवाज जाड होऊ लागला तेव्हा थांबलो. या गाण्यात कोणाची बाजू घेतलेली नाही. कोण जवळ होता आणि कोण नव्हता याचा हिशेब नाही. पुढे गोडवा येतो, असं नाव सांगतं. पण चाल काही ते ठासून सांगत नाही, खर्ज तसाच राहतो.

खरं बोलणं म्हणजे मला वाटतं हेच. दुःखाला एकच सूर नसतो. घरात माणूस गेलेलं असताना आपल्याला हसू येतं, राग येतो, मध्येच लहानपणचं काही आठवतं. अल्बमनं हे सगळं मान्य केलं. त्याची गाणी इतकी वेगवेगळ्या अंगांची आहेत ती हौसेखातर नव्हेत. एकाच रडक्या चालीत बारा गाणी बांधली असती तर ती खोटी वाटली असती. अकरावं 'नाइटस्विमिंग' पाहा. त्यात गिटार नाही, ड्रम नाही. मिल्सचा गोल गोल फिरणारा पियानो, स्टाइपचा आवाज, जोन्स यांची तंतुवाद्यं आणि शेवटाकडे ओबो, म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य. रात्री चोरून पोहायला गेल्याची आठवण, एवढंच त्यात आहे. आम्ही दोघे भाऊ अण्णांची नजर चुकवून रात्री कृष्णेच्या डोहावर जायचो. मी पुढे, तो माझ्या सदऱ्याचं टोक धरून.

शेवटचं 'फाइंड द रिव्हर'. नदी समुद्राकडे जाते, आपणही जातो. त्यातले मागचे आवाज मिल्स आणि बेरी यांनी वेगवेगळे गायले, एकमेकांचं न ऐकता. ते नंतर एकत्र केले. तरी ते जुळतात.

पुढे 1995 मध्ये बेरीला रंगमंचावरच मेंदूतल्या रक्तवाहिनीचा त्रास झाला. तो वाचला, 1997 मध्ये बँडमधून बाहेर पडला. बाकी तिघांनी 2011 मध्ये बँड थांबवला, भांडण न करता. 2024 मध्ये एका सन्मान सोहळ्यात चौघे पुन्हा एकत्र आले आणि एक गाणं वाजवलं.

आमचं सांगायचं तर, दिवाळीच्या आधी मी एसटीडी बूथवरून होस्टेलला फोन लावला. त्याला बोलवायला कोणी तरी गेलं. मीटर पळत होता. तो आला तेव्हा मला सुचेना, म्हणून म्हटलं, "तुझी कॅसेट राहिलीय इथे."

"असू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "पहिल्या बाजूचं शेवटचं ऐकलंस का, दादा?"

"ऐकलं," मी म्हटलं. "दिवाळीला ये."

तो आला. त्या पाच महिन्यांबद्दल आम्ही लगेच बोललो नाही, त्याला आणखी काही वर्षं लागली. अण्णांना तसं पाहण्याची भीती वाटत होती, हे त्यानं तेव्हा सांगितलं. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. फीत झिजली आहे, पहिल्या बाजूचा शेवट तर फारच. तुम्ही हा अल्बम ऐकणार असाल तर एकच सांगतो, क्रमानं ऐका. आणि सहाव्या गाण्यानंतर, कॅसेट उलटायला लागतो तेवढा वेळ, थोडं थांबा.