पहिली दोन पाने

पत्त्यांच्या खेळात दैव मोठे की विचार मोठा, हा वाद फार जुना आहे. अमेरिकेतील ‘टेक्सास होल्डेम’ या पोकरच्या प्रकारात त्याचा निवाडा बराचसा आकड्यांनी करता येतो. टेक्सासमधील रॉब्सटाउन हे गाव या खेळाचे जन्मस्थान होय, असे तेथील विधिमंडळाने २००७ साली ठरावाने मान्य केले.

या खेळात प्रत्येकास आरंभी दोनच पाने मिळतात व ती ज्याची त्यालाच ठाऊक असतात. पुढे पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात. या सातांतून ज्याची पाच पाने सरस, त्याचा डाव. परंतु पैसे लावावयाचे की पाने टाकावयाची, हा पहिला निर्णय त्या दोन पानांवरच करावा लागतो. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात अशा पानांची प्रतवारीच लावून दिली.

बावन्नांतून दोन पाने १,३२६ प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी दोन एक्के केवळ सहा प्रकारांनी, म्हणजे सरासरीने २२१ डावांत एकदा. शेवटपर्यंत एकच प्रतिस्पर्धी समोर असेल, तर ही जोडी शंभरांत सुमारे ८५ वेळा जिंकते. नऊ जण टिकून राहिले, तर जेमतेम ३१ वेळा. म्हणूनच जाणता खेळाडू अशा वेळी आरंभीच पैज वाढवून गर्दी कमी करतो.

दोन्ही पाने बदामाची किंवा दोन्ही इस्पिकची आली की नवखा हुरळतो. वस्तुतः पहिल्या तीन उघड्या पानांतच त्याच जातीची पाच पाने पुरी होणे सुमारे ११९ डावांत एकदाच घडते. बसण्याच्या जागेलाही महत्त्व आहे. प्रथम बोलणाऱ्यास इतरांचा बेत कळत नाही. शेवटी बोलणाऱ्यास तो पुष्कळसा कळलेला असतो. म्हणून राजा-दश्शीसारखी मध्यम पाने पहिल्याने टाकावी, शेवटच्याने खेळावी.

भरल्या बैठकीत निरनिराळ्या जातींची सत्ती-दुर्री सर्वांत हीन मानतात. तथापि एकाच प्रतिस्पर्ध्यापुढे तीही तीनांत सुमारे एकदा जिंकते, आणि खरा धोका येथेच आहे. त्या एका विजयाने नवखा फसतो. उरलेल्या दोन पराभवांत त्याचा खिसा रिकामा होतो. निर्णय योग्य होता की नाही, हे एका डावाच्या निकालावरून ठरत नाही. ते शेकडो डावांच्या हिशेबावरून ठरते.