जुनी पद्मिनी सिग्नलला धडधडते? कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळण्याआधी हे वाचाच

29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत मुंबईची शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली. 20 वर्षांची मुदत 2023 मध्ये संपली आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा विषय तिथेच थांबला. पण खासगी पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट 1100 अजूनही अनेकांनी जिवापाड जपल्यात. रविवारी सकाळी गाडी बाहेर निघते आणि तक्रार ठरलेली असते. सिग्नलला धडधडते, मध्येच बंद पडते, पिकअप घेताना अडखळते.

मग कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरला भिडतं. घोळ इथूनच सुरू होतो.

कार्ब्युरेटरचं काम तसं साधं आहे. इंजिन हवा ओढतं, ती हवा एका निमुळत्या गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे पितळी जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल खेचलं जातं आणि हवेत मिसळतं. 1 किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं की मिश्रण ‘रिच’, हवा जास्त झाली की ‘लीन’. आजच्या गाड्यांमध्ये हा हिशोब सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. पद्मिनीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये तो जेटच्या भोकांवर आणि दोन स्क्रूंवर चालतो.

एका स्क्रूने आयडलिंगचा स्पीड कमी-जास्त होतो, दुसऱ्याने आयडलिंगचं मिश्रण. आता महत्त्वाचं. हा मिश्रणाचा स्क्रू जवळपास फक्त उभ्या गाडीचा आहे. गाडी 60 च्या स्पीडला झटके देत असेल, तर तो कितीही फिरवा, काही होणार नाही. तिथे मेन जेटचा कारभार असतो. ॲक्सिलरेटर दाबल्या दाबल्या गाडी अडखळली, तर आधी ॲक्सिलरेटर पंप बघायचा.

आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा दोष कार्ब्युरेटरचा नसतोच. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळालेत, प्लग काळे पडलेत, टायमिंग हललंय किंवा कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग फाटून बाहेरची हवा आत शिरतेय, यातलं काहीही असेल तर गाडी मिसिंग मारणारच. अशा गाडीचं मिश्रण जुळवणं म्हणजे आधीचा आजार झाकणं. म्हणून आधी हे सगळं तपासायचं, एअर फिल्टर साफ करायचा आणि मगच ट्युनिंगला हात घालायचा.

गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पद्मिनीचा पंखा बेल्टवर फिरतो, त्यामुळे ओढणी, सैल बाह्या लांब ठेवा.

इंजिन बंद असताना मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या. आवळायचा अजिबात नाही, त्याच्या टोकाला खाच पडली की तो कायमचा कामातून गेला. तिथून दीड फेरा बाहेर काढा. ही फक्त सुरुवात. आता इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि चोक बंद केलाय ना, ते बघा. थंड इंजिनवर केलेलं ट्युनिंग अर्ध्या तासात फसतं.

मग स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या आणि प्रत्येक वेळी थोडं थांबा. इंजिन दमल्यासारखं वाटलं की उलटा, म्हणजे बाहेर फिरवा. एका जागी इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं चालेल. ती जागा सापडली की स्पीडचा स्क्रू सोडून आयडलिंग खाली आणा आणि मिश्रण पुन्हा एकदा बघा. हा खेळ कानांचा आहे. घाई केली की हमखास बिघडतो.

गाडी थोडी पळवून प्लग काढून पाहिले तर अंदाज पक्का होतो. टोक चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असेल तर छान. काळी काजळी म्हणजे रिच, पांढरट म्हणजे लीन.

कानांवर भरवसा नसेल तर पीयूसी सेंटर कामाला येतं. तिथली चाचणी आयडलिंगवरच होते. भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल चारचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम आहे. पहिला आकडा चढला तर मिश्रण रिच. पहिला कमी आणि दुसरा भरमसाट असेल, तर मिश्रण फारच लीन आहे किंवा एखादा सिलिंडर मिस होतोय. काहीजण पीयूसीपुरता स्क्रू आत घेतात आणि घरी येऊन परत सोडतात. कागद मिळतो, धूर तसाच राहतो.

आता यात नवं त्रांगडं आहे ते इथेनॉलचं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे या पेट्रोलला 14.7 ऐवजी साधारण साडेतेरा पट हवाच लागते. नवी गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटरला कळतच नाही, तो जुन्याच हिशोबाने देत राहतो आणि मिश्रण लीन होतं. उभ्या गाडीत स्क्रू थोडा बाहेर काढून भागतं. चालत्या गाडीत मात्र जाणकार मेकॅनिककडून एक नंबर मोठा मेन जेट बसवून घ्यावा लागू शकतो. सोलेक्सच्या जेटवर नंबर कोरलेला असतो, 120 म्हणजे 1.20 मिलिमीटरचं भोक. इतक्या बारीक मापाच्या जेटमधला कचरा तार किंवा टाचणी घालून काढू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. जुने रबरी पाइपही याच वेळी बदलून घ्या. इथेनॉल त्यांना आतून खातं आणि त्याच पाइपांचे कण पुढे जेटमध्ये जाऊन अडकतात.