रिचार्ज मुंबईएवढंच, मग राजापूरच्या वाडीत नेट का रांगतं?

गणपतीला चाकरमानी गावी आले की राजापूरच्या वाड्यांमध्ये नेट हमखास रांगू लागतं. पैसे मात्र तेवढेच जातात. जुलै 2024 मध्ये जिओचा 28 दिवसांचा, रोज 1.5 जीबीचा प्लॅन 239 वरून 299 रुपये झाला आणि मुंबईतही तो तेवढ्यालाच. वर्षाला असे 13 रिचार्ज, म्हणजे 3,887 रुपये.

या पैशांत डेटा आणि दिवस मिळतात, किमान वेगाची हमी मिळत नाही. टॉवरची क्षमता त्या क्षणी नेट वापरणाऱ्या सगळ्यांत वाटली जाते. टॉवर सड्यावर आणि वाडी खाली दरीत असेल, तर डोंगरही आडवा येतो. फोनवरच्या काड्या फक्त सिग्नल सांगतात, गर्दी नाही.

रोजचा डेटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. मग 2 एमबीचा एक फोटो पाठवायला चार मिनिटं!

सरकारी व्याख्येत जानेवारी 2023 पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान 2 एमबीपीएस. आधी हा आकडा 512 केबीपीएस होता. तुमच्या अंगणात किती मिळतात, हे ट्रायच्या 'मायस्पीड' अ‍ॅपवर पहाटे आणि रात्री मोजा. फक्त रात्रीच वेग पडत असेल तर कारण बहुधा गर्दी. कायमच कमी असेल तर सिग्नल. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करण्याआधी तिच्या वेबसाइटवरचा कव्हरेज नकाशा बघा. 2024 च्या नियमांनुसार तो देणं बंधनकारक आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीचं कस्टमर केअर, मग तिथलाच तक्रार क्रमांक घेऊन कंपनीचं अपील प्राधिकरण.