एप्रिलचा मोह, ऑगस्टचा भाव

चैत्रात गडचिरोलीतल्या धानोरा-कुरखेड्याकडच्या बायांचा दिवस मोहाच्या झाडाखाली उजाडतो. फुले रात्रीतून गळतात. उन्हे चढायच्या आत, कमरेत वाकून, एकेक फूल वेचत टोपली भरायची आणि मग अंगणात पसरून वाळवायची. लोण्याच्या रंगाचे रसरशीत फूल वाळून मनुक्यासारखे तांबूस होते. एवढे करून पुष्कळ घरांतला माल लगेच व्यापाऱ्याकडे जातो, कारण दुकानाची उधारी थांबत नाही. पावसाळ्यात मोहाचा भाव चढतो, तेव्हा या बायांकडे विकायला काही उरलेले नसते.

गडचिरोली-चंद्रपूरच्या बाईचा धंदा अडतो तो एप्रिल ते ऑगस्टच्या याच चार महिन्यांत, असे माझे मत आहे. प्रशिक्षणे तिने पुष्कळ घेतली. मोहाचे लाडू, सरबत, लोणचे तिला येते. 2014 मध्ये स्थापन झालेल्या चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात बांबूकाम शिकवले जाते. कमी पडते ते माल धरून ठेवण्याचे बळ.

मालावरचा हक्कही सहज मिळालेला नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडला. मोहफूल गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरचे निर्बंध राज्य सरकारने 2021 मध्ये उठवले. त्याआधी वाट पाहून भावाने विकायचे म्हटले, तरी साठवणुकीलाच कायदा आडवा येई. आणि जंगलात जाऊन जिवाने मोजावी लागणारी या मालाची खरी किंमत कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. मे 2025 मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

पैशाचा मार्ग म्हणजे बचत गट. नाबार्डने 1992 मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा देशभरात उद्दिष्ट होते 500 गटांचे. 1975 मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि पुढे ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने हे गट गावोगाव नेले. सावकाराच्या दारात न जाता आजारपण, बियाणे, शाळेची फी निभावते, हे थोडे नाही. पण गटातली उचल दहा-वीस जणींत वाटली जाते. चार पोती मोह ऑगस्टपर्यंत राखायचा, तर घरखर्च भागवून वर हाती रक्कम लागते. ती गटात पुरत नाही आणि बँक तारण मागते.

हीच कोंडी इथिओपियात होती. तिथल्या बायांची ‘इकुब’ म्हणजे आपली भिशीच. गटकर्जाला मोठ्या आणि बँकेला लहान ठरणाऱ्या उद्योजक बायांसाठी तिथे 2012 मध्ये जागतिक बँकेच्या 5 कोटी डॉलरच्या मदतीने योजना आखली गेली. त्यात वैयक्तिक कर्जे दिली गेली. तारण नसलेल्या काही जणींची पत तर प्रश्नावलीच्या चाचणीवरून जोखली गेली.

आपल्याकडे तर ग्रामसभा आहे. कोणाच्या घरी किती मोह वाळतो, हे तिला ठाऊक असते. गावात कोरडे गोदाम बांधा, तिथे ठेवलेल्या पोत्यावर बाईच्या नावाने कर्ज द्या. आणि ते एप्रिलमध्ये द्या. जुलैत मंजूर झालेले कर्ज मोहाच्या उपयोगाचे नाही.